जेलीफिशवर शेरा

त्या मंगळवारी सकाळी शेरेसाहेबांच्या बायकोनं दारातच चपला काढल्या आणि उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक वळ उठले होते.

“जेलीफिश,” ती म्हणाली. “चहा ठेवा. आणि तोंड मिटा आधी, माशी जाईल.”

शेरेसाहेबांनी तोंड मिटलं आणि चहाचं आधण ठेवलं.

शेरेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. नगरपालिकेच्या भांडार विभागात चौतीस वर्षं त्यांनी आलेल्या प्रत्येक कागदावर लाल पेनानं शेरा मारला, आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर कागद यायचे थांबले तरी शेरे थांबले नाहीत. दुधाच्या पिशवीवर ‘गळते’, जिन्यातल्या दिव्याखाली ‘लुकलुकतो’, शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकेवर ‘जेवणाची वेळ स्पष्ट नाही’. कॉलनीनं मग खरं आडनाव विसरून टाकलं आणि हे नाव कायम केलं. त्यांनाही ते मनातून आवडत असे, फक्त तसं दाखवायचं नसे.

बायको शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं, की मी समुद्रात पोहायला शिकणार. एकसष्टाव्या वर्षी! आणि नुसती बोलून थांबली नाही, शिकली. आता रोज सकाळी ती आणि तिच्याच वयाच्या आणखी चौघी अशा पाच बायका लांब बाह्यांचे पोहायचे कपडे घालून त्या पिवळ्या तरंगत्या बोयापर्यंत जात आणि परत येत. आज तिनं बाही तेवढी वर सारली होती, आणि नेमकं तिथंच गाठलं. शेरेसाहेबांना पोहता येत नव्हतं. तेवढा वेळ ते घरच्या खिडकीत उभे राहून पेपर वाचत. खिडकीतून समुद्र दिसे आणि पेपर पुष्कळदा उलटा असे.

चहा उकळेपर्यंत कॉलनी जमली. अशा वेळी लोकांना बोलवावं लागत नाही. शेजारीण टूथपेस्ट घेऊन आली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणत आणि ज्यांनी ते कधी नाकारलं नव्हतं, ते म्हणाले, “गरम वाळूनं खसाखसा चोळा. विष निघून जातं.” तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी असा उपाय सांगितला, की त्यासाठी रोग्याच्या एखाद्या नातेवाइकाला दोन मिनिटं बाथरूममध्ये जाऊन यावं लागतं. शेरेसाहेब नातेवाईक या नात्यानं अर्धे उठलेसुद्धा.

“बसा खाली,” बायको म्हणाली. “माझा हात आहे हा, सार्वजनिक मुतारी नाही. आणि चोळायचं तर अजिबात नाही, चोळलं की जास्त पसरतं. जीवरक्षकानं व्हिनेगर ओतलं, चिमट्यानं धागे काढले, कढत पाण्यात हात धरायला लावला. झालं की. उद्यापर्यंत उतरेल.”

“उद्या म्हणजे? उद्या तू परत जाणार आहेस?”

“जाणार म्हणजे? जाणारच. आज पाण्यात जेलीफिश आहेत एवढं काठावर कुणी सांगितलं असतं तर आजही नसते गेले. रोज थोड्याच असतात? त्यांचा वेगळा झेंडा असतो म्हणे. जीवरक्षक बिचारा मागून मागून थकला, वरून आलाच नाही.”

“झेंडा!” शेरेसाहेब हसले. “झेंडा फडकतो. फडकत्या वस्तूवर माणूस वाचणार काय? तिथे फलक पाहिजे.”

तसं पाहिलं तर त्यांना म्हणायचं होतं ते वेगळंच. ‘तू जाऊ नकोस, मला भीती वाटते’, एवढंच म्हणायचं होतं. पण छत्तीस वर्षांच्या संसारात असलं वाक्य त्यांनी कधी तोंडी वापरलेलं नव्हतं, आणि लेखी तर नाहीच. म्हणून त्यांनी टेबलाशी बसून अर्ज लिहायला घेतला.

फलकाच्या मजकुराचे अकरा मसुदे झाले. पहिला फारच तोकडा होता, त्यातून जबाबदारी निश्चित होत नव्हती. तिसऱ्यात लहान मुलांचा उल्लेख राहिला. सहाव्यात पाळीव प्राणी आले, आठव्यात पाळीव प्राण्यांचे मालक. अकरावा उतरला तो एक्केचाळीस ओळींचा. ‘सर्व संबंधितांस या फलकाद्वारे कळविण्यात येते की, सदर जलक्षेत्रात जेलीफिश या नावाने परिचित असलेला प्राणी हंगामपरत्वे आढळून येण्याची शक्यता नाकारता येत नाही’ ही सुरुवात. मग प्राण्याचं वर्णन, मग प्रथमोपचार, मग दंश झाल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही, आणि शेवटी एक्केचाळिसाव्या ओळीत, ‘सबब पाण्यात उतरू नये.’ खाली जागेचा तपशीलही स्वच्छ दिला होता, की फलक पाण्याच्या कडेपासून बरोबर तीन फुटांवर असावा, म्हणजे कुणाला दिसला नाही म्हणायला नको.

बायकोनं तो वाचला. “शेवटची ओळ ठेवा, बाकी खोडा,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. मसुदा कशाशी खातात हे गणिताच्या माणसाला काय कळणार, असं मनाशी म्हणून शेरेसाहेबांनी पाकीट चिकटवलं.

भांडार विभागात त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचाच जुना ज्युनिअर बसत होता. शेरेसाहेबांनीच त्याला तयार केलेलं. साहेब आलेले पाहून तो उठला, खुर्ची पुसून दिली, पाणी मागवलं. शेरेसाहेबांची नजर कोपऱ्यातल्या समारंभाच्या टेबलाकडे गेली. त्यावरचं जांभळं कापड अजून तसंच झकपक होतं. “टिकलंय की रे,” ते कौतुकानं म्हणाले. “मीच काढून दिलं होतं वापरायला.”

“तुमची प्रत्येक गोष्ट टिकलीय, साहेब,” ज्युनिअर म्हणाला आणि अर्ज वाचायला लागला. वाचून झाल्यावर त्यानं खिशातून लाल पेन काढलं. शेरेसाहेब सरळ होऊन बसले. या बाजूच्या खुर्चीवरून ते पेन त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“नमुना जोडलेला नाही, साहेब.”

“कसला नमुना?”

“जेलीफिशचा. नमुन्याशिवाय नोंद नाही. तुम्हीच शिकवलंत.”

शिकवलं होतं, हे खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेरेसाहेब स्वयंपाकघरातला चिमटा आणि कॉफीची रिकामी बाटली घेऊन वाळूवर फिरताना दिसले. पाण्याबाहेर पडलेली एक जेलीफिश त्यांनी हात न लावता मोठ्या शिताफीनं बाटलीत घातली, वर लेबल चिकटवलं आणि बसनं ऑफिसात नेली. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, “जेली का? घरी केलीत?” शेरेसाहेबांनी नुसतं लेबल त्यांच्याकडे वळवलं. ते वाचून त्या बाई उठून मागे जाऊन बसल्या.

बाटली आवक झाली. आवक झालेली वस्तू तपासणीला जायला चार दिवस लागतात, हा नियमही साहेबांचाच. ते चार दिवस ती खिडकीत, उन्हात उभी होती. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा आत गढूळ पाणी होतं आणि वास होता. जेलीफिशचा पत्ता नव्हता. जेलीफिशमध्ये पाण्याशिवाय फारसं काही नसतं, हे त्या खात्यात कुणाला ठाऊक असणार? ज्युनिअरनं प्रामाणिकपणे नोंद केली, ‘बाटलीत फक्त पाणी आढळले. पाणी हा विषय पाणीपुरवठा विभागाचा. तिकडे वर्ग.’

पाणीपुरवठा विभाग तत्पर निघाला. आठ दिवसांत शेरेसाहेबांच्या घरी शिक्क्यासकट अहवाल आला, ‘आपण पाठविलेले पाणी पिण्यास अयोग्य आहे. उकळून प्यावे.’

कॉलनीला हा अहवाल कसा कळला देव जाणे, पण त्या दिवसापासून कंपाउंडर जिन्यात भेटले की विचारत, “काय साहेब, उकळलं का?” शेरेसाहेब मान ताठ ठेवून दोन-दोन पायऱ्या चढत. घरात आले की मात्र गुडघे धरून बसत.

आणि बायको रोज जात होती. हाताचे वळ पुसट झाले होते. ती गेली की साहेब खिडकीत उभे, पाच टोप्या मोजायचे. चार मोजल्या गेल्या की पुन्हा पहिल्यापासून मोजत, मग पाचवी लाटेमागून वर येई. एकदा तर पाचवी सापडायला इतका वेळ लागला की ते चपला न घालता खाली गेटपर्यंत गेले आणि तिथे शेजारीण भेटली म्हणून तिला म्हणाले, “गेटला रंग द्यायला हवा.”

सगळं असंच लोंबकळत राहिलं असतं. पण नगरपालिकेचा सुरक्षा सप्ताह जवळ आला आणि अध्यक्षांना उद्घाटन करायला काही सापडेना. नवीन बंब नाही, नवीन शिडी नाही. कुणीतरी फाइल वर काढली. तीन दिवसांत फलक मंजूर, रंगवून तयार, आणि शेरेसाहेबांच्या घरी निमंत्रण! त्यांनी ते बायकोसमोर ठेवलं, पण तिनं आधी घड्याळाकडे पाहिलं.

“रविवारी साडेआठला? तेव्हा तर आम्ही पाण्यात असतो. बोयापाशी.”

“एक दिवस नाही गेलीस तर?”

“का?”

आता बोलावं, असं शेरेसाहेबांच्या अगदी ओठांवर आलं. “समारंभाला उपस्थिती कमी दिसेल,” ते म्हणाले.

“मग परतताना पाण्यातूनच टाळ्या वाजवू,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी कडक इस्त्री करून साहेब किनाऱ्यावर पोचले आणि जागच्या जागी थबकले. फलक पाण्यात उभा होता. ठेकेदारानं मजकुराखालचा तपशील तंतोतंत पाळला होता. पाण्याच्या कडेपासून बरोबर तीन फूट, पण मोजलं होतं ओहोटीला. आता भरती लागली होती. फलकाचे खांब मांडीभर पाण्यात आणि एक्केचाळीस ओळी लाटांच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

बाकी थाट मात्र झकास होता. मंडप, खुर्च्या, दोन भोंगे, बँड. मंडपाला लाल-पिवळ्या पताका कमी पडल्या म्हणून जीवरक्षकाच्या मचाणावरचे झेंडे आणून टांगले होते. अध्यक्षांच्या टेबलावर जांभळं कापड, त्यावर पुष्पगुच्छ आणि पाण्याचे ग्लास. खुद्द जीवरक्षक, चाळिशीचा, उन्हानं रापलेला माणूस, गळ्यातल्या शिट्टीसकट टेबलाशी कात्रीचं ताट धरून उभा होता. त्याला दुसरं काम नाही असं आयोजकांचं मत पडलं होतं. तो मात्र टक लावून त्या कापडाकडेच बघत होता.

फलकाभोवतीची फीत कापायची तर पाण्यात उतरणं आलं. अध्यक्षांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मागोमाग साहेबांनीही दुमडली, कारण अध्यक्षांना मजकूर नीट दिसत नव्हता आणि ‘लेखकानंच वाचून दाखवावा’ असं फर्मान निघालं होतं. लेखक! शेरेसाहेबांना आयुष्यात कुणी लेखक म्हटलं नव्हतं. फीत कापली गेली, बँड वाजायला लागला तो थांबेचना, त्यातच साहेबांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, “सर्व संबंधितांस या फलकाद्वारे...”

बारावी ओळ होती वर्णनाची. “सदर प्राणी पारदर्शक असल्याने सहजासहजी दृष्टीस पडत नाही.” तेव्हा काठावर गडबड झाली. जीवरक्षक ताट टाकून पाण्याकडे बघत होता. रात्रीपासूनच्या वाऱ्यानं जेलीफिशचा थवा काठाला लोटला होता. आणि पलीकडे, बोयाकडून, पाच टोप्या सरळ त्या थव्याच्या दिशेनं येत होत्या.

जीवरक्षकानं शिट्टी फुंकली. बँडपुढे तिचं काय चालणार? तो मचाणाकडे धावला. मचाणावर झेंडा नव्हता, झेंडे मंडपाला लटकत होते, आणि पंधरा पताकांमधली एक हलवली तरी शोभाच दिसली असती. शेरेसाहेबांनी मान वळवली आणि त्यांना टोप्या दिसल्या. नेमक्या चारच. 

“अगं!” ते ओरडले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आवाज चढवला नव्हता. “अगं, मागे फीर! येऊ नकोस! मला भीती वाटतेय गं!”

बँडनं ते वाक्य गिळून टाकलं. एकट्या अध्यक्षांनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं, ही तेरावी ओळ.

तेवढ्यात जीवरक्षक टेबलापाशी परत आला आणि त्यानं जांभळं कापड दोन्ही हातांनी ओढलं. ग्लास उडाले, पुष्पगुच्छ बँडमास्तरांच्या पोटावर बसला, अध्यक्षांचं भाषण वाळूत पसरलं. तो मचाणावर चढला आणि कापड काठीला बांधून त्यानं उभं केलं. वाऱ्यानं ते ताडकन उलगडलं. जांभळं, चौकोनी, कोपऱ्यावर चहाचा एक डाग.

पाण्यातल्या बायकांना त्यानं पोहण्याच्या पहिल्या धड्यातच शिकवलं होतं. जांभळा दिसला की पाण्यात डंख आहे, वाळूकडे यायचं नाही, धक्क्याच्या पायऱ्यांकडे वळायचं. दोन वर्षांत तो झेंडा कुणी पाहिला नव्हता, पण धडा पाठ होता. टोप्या थांबल्या. एक वळली, दुसरी, तिसरी, चौथी. आणि पाचवी, लाटेमागून वर येऊन, सगळ्यांच्या पुढे गेली. ती कुणाची हे साहेबांना ओळखावं लागलं नाही.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच क्षणी त्यांच्या पोटरीला चटका बसला. पाठोपाठ दुसरा, आणि अध्यक्षांनी मारलेल्या उडीवरून तिसरा त्यांना बसला असावा.

पंधरा मिनिटांनी शेरेसाहेब मंडपातल्या खुर्चीवर, पाय बादलीतल्या कढत पाण्यात सोडून बसले होते. शेजारच्या खुर्चीवर अध्यक्ष, शेजारच्या बादलीत. कंपाउंडर वाळू घेऊन आले होते, त्यांना बायकोनं नुसत्या नजरेनं परत पाठवलं. ती ओल्या केसांनी साहेबांच्या पायाशी बसून चिमट्यानं धागे काढत होती.

“ओरडत काय होता?” तिनं विचारलं. “हात हलताना दिसले.”

शेरेसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. अख्खी कॉलनी, अध्यक्ष, बँड. मग त्यांनी विचार करायचं सोडून दिलं. “मला भीती वाटत होती. रोजच वाटते. तू गेलीस की मी टोप्या मोजतो.”

बायकोचा चिमटा थांबला. “मग एवढंच सांगायचं ना हो,” ती म्हणाली. “एक्केचाळीस ओळी कशाला?”

जीवरक्षक व्हिनेगरची बाटली घेऊन आला होता. “साहेब, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण ते कापड म्हणजे माझा झेंडा. चार वर्षांपूर्वी मी अर्ज केला होता. तुमच्याच सहीनं परत आला.”

 साहेबांचा चेहरा पोटरीपेक्षा लाल झाला होता.

गुरुवारी जीवरक्षकाला नगरपालिकेची नोटीस आली, की सदर टेबलक्लॉथ तीन दिवसांत धुऊन, इस्त्री करून भांडारात जमा करावा. शुक्रवारी शेरेसाहेब लंगडत भांडारात पोचले आणि त्यांनी चार वर्षांपूर्वीची नोंदवही मागितली. पान सापडलं. वरच्या खात्याकडून आलेली वस्तू: ‘कापड, जांभळे, चौकोनी, नग एक. उपयोग : अज्ञात. सबब टेबलक्लॉथ म्हणून वापरावे.’ खाली त्यांची सही. दोन महिन्यांनंतरच्या पानाला टाचलेला जीवरक्षकाचा अर्ज, ‘जेलीफिशच्या इशाऱ्यासाठी जांभळा झेंडा मिळावा’, आणि त्यावर लाल शेरा, ‘मंजूर रंगांच्या यादीत जांभळा नाही. परत.’ खाली तीच सही. दोन्ही कागद त्यांच्याच हाताखालून गेले होते आणि दोन्हींवर अक्षर सुंदर होतं.

शेरेसाहेबांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं.

“साहेब, निवृत्त माणसाला नोंदवहीत लिहिता येत नाही,” ज्युनिअर घाबरून म्हणाला. “तुम्हीच...”

“मीच शिकवलं. चुकीचं शिकवलं. तू खिडकीबाहेर बघ जरा.”

ज्युनिअर शहाणा होता, त्यानं बाहेर पाहिलं. शेरेसाहेबांनी ‘टेबलक्लॉथ’ खोडून ‘झेंडा’ केलं. मग ‘अज्ञात’ खोडलं आणि पेन टेकवलं. मसुदा मनात आला, लांबत गेला, पाळीव प्राण्यांपर्यंत पोचला. तो त्यांनी तिथंच सोडून दिला. फलक अजून पाण्यात उभा होता, ओहोटीला बायका त्यावर टॉवेल वाळत घालत.

मग त्यांनी उपयोगाच्या रकान्यात एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली, ‘हा दिसला की ही सुखरूप परत येते.’